वारकऱ्याचं गंध, शेकाट्याची पाठ

हिवाळ्यात आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या तळ्यावर काळसर, गोल अंगाचे पक्षी थव्याने तरंगताना दिसतात. लांबून बदकंच वाटतात. जवळून पाहिलं तर चोच पांढरी, आणि चोचीपासून कपाळावर चढलेला पांढराशुभ्र पट्टा. मराठीत याला वारकरी म्हणतात, गुजरातीत भगतडुं. दोन भाषांतल्या माणसांनी वेगवेगळ्या तळ्यांकाठी उभं राहून एकच गोष्ट पाहिली आणि दोघांनाही कपाळावरचं गंध आठवलं. बडोद्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कानांवर दोन्ही नावं पडतात.

आता याच वारकऱ्याचा फोटो काढून बघा. बहुतेक वेळा दोनपैकी एक काहीतरी होतं. गंध इतकं पांढरं फटफटीत येतं की चोच कुठे संपली आणि कपाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. नाहीतर अंग कोळशाच्या ढिगासारखं येतं, पिसं नाहीत, पंखाची कड नाही, लालभडक डोळासुद्धा नाही. डोळ्यांना स्पष्ट दिसलेला पक्षी फोटोत अर्धाच उरतो.

पाणपक्ष्यांत अशा काळ्या-पांढऱ्यांची संख्या मोठी आहे. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा कवड्या खंड्या, चोचीत फट असलेला मुग्धबलाक, कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी, नाकावर उंचवटा असलेला नकटा. गेली बरीच वर्षं मी हिवाळ्यातल्या सुट्टीच्या सकाळी यांच्यासाठी तळ्यावर जातो. मंडळातली मुलं हल्ली चांगले कॅमेरे आणि त्याहून चांगले फोन घेऊन येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "हे असं का येतं?" त्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यावं, म्हणून हा लेख.

कॅमेऱ्याला करडं हवं असतं

कॅमेऱ्याला पक्षी कळत नाही, प्रकाश कळतो. समोरच्या चौकटीतला सगळा उजेड मोजून, त्याची सरासरी मध्यम करड्या रंगाएवढी यावी इतकाच प्रकाश तो आत घेतो. माणसांचे, झाडांचे, रस्त्याचे फोटो या हिशेबात बरे येतात, कारण त्यांची सरासरी खरंच करड्याच्या आसपास असते.

काळ्या-पांढऱ्या पक्ष्याचा हिशेब इथेच चुकतो. गडद हिरव्या पाण्यावर एकटा बगळा उभा आहे असं समजा. चौकटीचा मोठा भाग गडद पाण्याने व्यापलेला. कॅमेऱ्याला वाटतं, अंधार आहे; तो जास्त प्रकाश घेतो. पाणी करडं होतं आणि बगळा जळतो. उलट, उन्हाने चकाकणाऱ्या पाण्यावर वारकरी तरंगतोय. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार आहे. तो प्रकाश कमी करतो. चकाकी आटोक्यात येते, पण वारकऱ्याच्या जागी एक काळं भोक दिसतं.

यावर प्रत्येक कॅमेऱ्यात आणि बहुतेक फोनमध्ये एक सोय असते, अधिक-उणे चिन्हाची. कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा प्रकाश किती वाढवायचा किंवा कमी करायचा, ते तिथे सांगता येतं. याचं माप स्टॉपमध्ये असतं. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. गडद पार्श्वभूमीवर पांढरा पक्षी असेल तर उणे एकपासून सुरुवात करा. उजळ आकाशात उडणारा पाणकावळा असेल तर अधिक दीडपर्यंत जावं लागतं. ढगाळ, पांढऱ्या आकाशात पांढरा सुरय उडत असेल तरीही अधिकच करायचं, कारण तिथे सगळंच पांढरं आहे आणि कॅमेरा सगळ्यालाच करडं करायला बसलेला आहे. हे अनेकांना उलटं वाटतं. पांढरं आहे तर उणे करायला नको का? तर नाही. पक्षी कोणत्या रंगाचा आहे एवढ्यावर हे ठरत नाही. चौकटीत सर्वात जास्त जागा कशाने घेतली आहे, ते आधी बघायचं.

उजेड पक्ष्यावर पडतो, पाण्यावर नाही

अधिक-उणे करण्याची अडचण अशी की पक्षी एका जागी बसत नाही. कवड्या खंड्या आत्ता गडद पाणवनस्पतींसमोर असतो, पुढच्या क्षणी चकाकत्या पाण्यावर, त्याच्या पुढच्या क्षणी आकाशात. पार्श्वभूमी बदलली की कॅमेरा दर वेळी नवा हिशेब मांडतो. एकाच उड्डाणाच्या दहा फोटोंत खंड्या दहा वेगवेगळ्या रंगांचा येतो.

पण खंड्यावर पडणारं ऊन या दहा क्षणांत जराही बदललेलं नसतं. सूर्य तोच, पक्षी तोच. मग हिशेब पुन्हा पुन्हा कशाला? स्वच्छ ऊन असेल तेव्हा मी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवतो. एकदा पांढऱ्या पिसांवर प्रकाश ठरवला, की ढग येईपर्यंत किंवा सूर्य बराच वर चढेपर्यंत त्याला हात लावत नाही.

तो ठरवायचा कसा? जुन्या फिल्मवाल्यांचा एक नियम आजही चालतो, 'सनी सिक्स्टीन'. स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवलं तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याएवढा ठेवायचा. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ला सेकंदाचा ४००वा भाग. हाच प्रकाश एफ/८ला १६००वा भाग होतो आणि एफ/५.६ला ३२००वा. अंगावर पांढरा भाग मोठा असलेल्या पक्ष्यासाठी यात आणखी अर्धा ते एक स्टॉप कमी करायचा. हा आकडा सूर्य चांगला वर आल्यानंतरचा आहे. उगवतीच्या उन्हात प्रकाश कितीतरी कमी असतो, तेव्हा एक चाचणी फोटो काढून पडद्यावर बघणं उत्तम.

बघताना फोटो सुंदर आहे की नाही हे बघू नका. बहुतेक कॅमेऱ्यांत जळालेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय असते. ती चालू करा. पांढऱ्या पिसांवर लुकलुक दिसली तर शटर एक पायरी वाढवा. ती थांबेल तिथे थांबा. कमी करत करत फार खाली जाऊ नका, नाहीतर काळी बाजू हातची जाते.

पांढऱ्याला इतकी काळजी का? कारण डिजिटल कॅमेऱ्यात जळालेल्या पांढऱ्यात काहीच नोंदलेलं नसतं. ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. काळ्यात मात्र थोडंफार दडलेलं असतं, ते नंतर उजळता येतं. दाणे येतात, पण पिसं दिसतात. रॉ फाइल असेल तर आणखी चांगलं. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळ्या पंखातून तपकिरी छटा बाहेर काढायची असेल तर या जास्तीच्या पायऱ्या कामी येतात.

कुठल्या वेळी, कुठल्या काठावर

कॅमेऱ्याच्या बटणांनी जेवढं होतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त बसायच्या जागेने होतं. काळ्या-पांढऱ्या पक्ष्याला सर्वात वाईट ऊन म्हणजे वरून पडणारं. पाठ जळते, पोटाखाली अंधार होतो आणि दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. सर्वात चांगलं ऊन म्हणजे आपल्या पाठीमागून, खालून येणारं. साधी खूण लक्षात ठेवा: आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली पाहिजे.

हिवाळ्यात आपल्याला एक फायदा मिळतो. डिसेंबरच्या शेवटी बडोद्यात ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवरच असतो, आणि दिवसभर तो आकाशाच्या दक्षिण भागातूनच जातो. म्हणजे तळ्याच्या दक्षिण काठावर बसून उत्तरेकडे तोंड केलं, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्य बऱ्यापैकी पाठीमागेच राहतो. इंदूरला, हैदराबादला, बेळगावला, गोव्यातही हेच लागू. जूनमध्ये मात्र तोच सूर्य बडोद्यात जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा सकाळी आठनंतर कॅमेरा पिशवीत ठेवलेलाच बरा.

एक अपवाद आहे. शेकाट्या फिकट चिखलात किंवा वाळूच्या उथळ पाण्यात उभा असेल, तर खालची फिकट जमीन ऊन परत वर फेकते आणि पोटाखालचा अंधार बराच उजळतो. गडद, खोल पाण्यावर हे घडत नाही. दहा वाजून गेल्यावर तळ्यावर पोचलात तर खोल पाणी सोडून कडेचा चिखल बघा.

धुक्याच्या सकाळी सावल्याच नसतात. काळं जरा राखी होतं, पांढरं जरा मळकट, पण दोन्हींतली पिसं दिसतात. नवशिक्यांना मी मुद्दाम अशा सकाळी घेऊन जातो. कॅमेरा धुक्याला करडं करायला बघतो, म्हणून अधिक एक ठेवायचं, बस.

आणि सूर्य समोर असेल तर? मग पिसांचा नाद सोडायचा. शेकाट्याचे पाय, उचाट्याची वर वळलेली चोच, मुग्धबलाकाच्या चोचीतली फट, या गोष्टी नुसत्या आकारावरून ओळखू येतात. प्रकाश आकाशावर ठरवून पक्षी पूर्ण काळा होऊ द्यावा. अर्धवट उजळायला गेलं की आकाशही जातं आणि पक्षीही.

लांब लेन्स असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ऊन चढलं की पाण्यावरची हवा तापून थरथरते. लांबचा पक्षी पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. कुठल्याही महागड्या लेन्सने ही थरथर जात नाही. त्यावर उपाय म्हणजे लवकर उठणं.

काळ्यात लपलेला डोळा

डोळा दिसला नाही तर पक्षी पेंढा भरलेला वाटतो. शेकाट्याचा आणि वारकऱ्याचा डोळा लाल, त्यामुळे काम सोपं. कवड्या खंड्याचा काळा डोळा काळ्या पट्टीत आणि उचाट्याचा काळ्या टोपीत. तिथे डोळ्यातली उजेडाची बारीक टिकली हीच एकमेव खूण, आणि ती बहुधा सूर्य आपल्या मागे असतानाच मिळते. पक्ष्याने मान किंचित आपल्याकडे वळवली की टिकली उमटते, फिरवली की जाते. म्हणून या पक्ष्यांचे फोटो मान बघून काढायचे.

फोकसचंही तसंच. सपाट काळ्या भागावर कॅमेऱ्याला धरायला काही मिळत नाही, तो मागेपुढे चाचपडत राहतो. काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेवर, म्हणजे मानेवर किंवा गालावर, फोकसचा बिंदू ठेवला की तो चटकन पकडतो.

कॅमेरा स्थिर ठेवायला महागडा ट्रायपॉड नसला तरी चालतो. जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्ही टोकं शिवून, आत तांदूळ भरले की झाली पिशवी. बांधावर ठेवा, गाडीच्या खिडकीत ठेवा. जमिनीलगत बसलं की पक्षी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि पाण्यातलं प्रतिबिंबही मिळतं.

फोनवाल्यांनी नाराज होऊ नये. पक्ष्याच्या पांढऱ्या भागावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि प्रकाश तिथे अडकून राहतील. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, पांढरं पांढरंच दिसेल पण जळणार नाही, इतपत. उडणाऱ्या पक्ष्यासाठी एचडीआर बंद ठेवा. त्यात अनेक फोटो एकत्र जोडले जातात, आणि तेवढ्यात पंख हलला तर एका पक्ष्याचे दोन दिसतात.

हे सगळं कशासाठी?

माझ्या भाच्याने हा प्रश्न मला सरळ विचारला होता. "मामा, फोटो छान दिसला की पुरे ना? एवढी मापं कशाला?"

त्याला तेव्हा मी कवड्या खंड्याचे दोन फोटो दाखवले. नराच्या पांढऱ्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या छातीवर एकच, तोही मध्ये तुटलेला. छाती सावलीत बुडाली तर कोण आहे ते सांगता येत नाही. मुग्धबलाकाचं पांढरं विणीच्या काळात स्वच्छ असतं, एरवी त्यावर राखाडी झाक येते. पांढरं जळालं की ही झाकही जाते. नकट्याची पाठ लांबून काळी दिसते, पण योग्य कोनातून ऊन पडलं की तिच्यावर हिरवी-जांभळी चमक उठते. या रंगांत नर, मादी, पिल्लू, ऋतू, सगळं लिहिलेलं असतं.

पटल्यासारखं त्याने मान हलवली. खरं पटलं ते पुढच्या उन्हाळ्यात.

शहराबाहेरच्या एका उथळ पाणथळीत मे महिन्यात शेकाट्यांनी घरटी केली होती. घरटं म्हणजे काय, पाण्याच्या कडेला चिखलावर काड्यांची चार बोटांची बैठक आणि त्यात मातकट, ठिपकेदार अंडी. आम्ही बांधावरून दुर्बिणीने बघत होतो. भाच्याला जवळून फोटो हवा होता. "दोन मिनिटं, मामा. पटकन जाऊन येतो."

"थांब, आधी तो काय करतोय ते बघ," मी म्हटलं.

एक शेकाट्या घरट्यावरून उठला, पाण्यात गेला, पोट बुडवलं आणि ओल्या पोटाने परत अंड्यांवर बसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. उन्हाळ्यात शेकाट्या अंडी उबवतो त्यापेक्षा थंड ठेवण्याचंच काम जास्त करतो. आपण जवळ गेलो की तो ओरडत उडतो, भोवती घिरट्या घालतो, कधी पंख मोडल्याचं सोंग करून आपल्याला लांब न्यायला बघतो. आपल्याला गंमत वाटते. तेवढा वेळ अंडी मे महिन्याच्या उघड्या उन्हात पडलेली असतात. दोन मिनिटांचा फोटो दोन मिनिटांत कधीच संपत नाही, हे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

भाचा बांधावरच बसला. त्या दिवशी त्याने एकही चांगला फोटो काढला नाही आणि घरी येईपर्यंत फारसा बोललाही नाही.

शेकाट्याची अंडी उबायला सुमारे साडेतीन आठवडे लागतात, आणि पिल्लं महिन्या-सव्वा महिन्यात उडू लागतात. जुलैत आम्ही पुन्हा तिथे गेलो. पाऊस होऊन गेला होता, आकाश भरलेलं, पाणी पसरलेलं. सहा-सात शेकाट्या लांबवर उभे होते, सगळे दिसायला सारखे. पिल्लं वाचली की कुत्र्यांनी नेली, हे कळायला मार्ग नव्हता. चिखलातून चालत जवळ जाणं शक्य नव्हतं आणि आम्हाला जायचंही नव्हतं.

भाच्याने कॅमेरा मॅन्युअलवर घेतला. ढगाळ उजेडात पांढऱ्या पोटांवर प्रकाश ठरवला, लुकलुक थांबेपर्यंत एकेक पायरी खाली आला आणि बरोबर तिथेच थांबला. रात्री घरी बसून रॉ फाइलमधल्या काळ्या पाठी हळूहळू उजळल्या. एकेक पाठ वर येत गेली. नराची काळीभोर, मादीची जरा तपकिरी. आणि मग दोन पक्ष्यांच्या पाठीवर प्रत्येक पिसाला फिकट, पिवळसर कड दिसली, खवल्यांसारखी. पायही मोठ्यांपेक्षा मळकट गुलाबी. ती त्या वर्षीची पिल्लं होती.

"दोन आहेत, मामा," तो म्हणाला. मग स्वयंपाकघरात जाऊन आईलाही सांगून आला.

प्रकाश एक स्टॉप कमी पडला असता तर त्या सात काळ्या पाठी होत्या, बाकी काही नाही.

आपापली तळी

आमच्या बडोद्याजवळ डभोई तालुक्यात वढवाणा तळं आहे. बडोदा संस्थानाने १९१०च्या सुमारास, सयाजीराव महाराजांच्या काळात, शेतीच्या पाण्यासाठी ते बांधलं. पाणी ओरसंग नदीवरून येतं. शेतकऱ्यांसाठी केलेल्या त्या तळ्यावर हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरू लागले, आणि २०२१ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींमध्ये, गेलं. आपल्याच लोकांच्या राज्यकारभारातून उभं राहिलेलं हे तळं बडोद्याच्या मराठी मुलांनी एकदा तरी पहाटे बघावं.

इतर गावच्या मंडळींनाही लांब जायला नको. इंदूरला सिरपूर आणि यशवंत सागर आहेत, दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत. गोव्यात कुडचड्याचं नंदा तळं त्याच वर्षी त्या यादीत आलं. बेळगावकडच्यांना गदग जिल्ह्यातलं मागडी आहे. मानेपर्यंत पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून तिथे येतात. हैदराबादकरांना अमीनपूरचं तळं जवळ आहे. आणि ग्वाल्हेरच्या मंडळींना चंबळ. तिथल्या वाळूच्या बेटांवर पाणचिरा घरटं करतो. वरून काळा, खालून पांढरा, खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब. तीच पाण्यात बुडवून पाणी चिरत तो उडतो. जगभरात तो आता धोक्यात आलेला पक्षी आहे. त्याच्या वाळूवर मार्च ते जून पाऊल न ठेवणं हीच त्याची सर्वात मोठी मदत.

कुठेही गेलात तरी थोडे नियम पाळा. थवा माना वर करून तुमच्याकडे बघू लागला, की तुम्ही पुरेसे जवळ आला आहात, तिथेच बसा. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थवा उठवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी अंगावर चरबी साठवायची असते. ड्रोन घरी ठेवा. घरट्याची नेमकी जागा फोटोबरोबर कुणाला सांगू नका. आणि नंतर फोटो सुधारताना पांढऱ्याला धुवून काढू नका. सकाळच्या उन्हात पांढरं पीस किंचित पिवळसर असतं, सावलीत किंचित निळसर. ते तसंच राहू द्या, म्हणजे बघणाऱ्याला वेळही कळते.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे, आणि त्यात तळ्याकाठी बसून पक्षी मोजणारी बहुतेक माणसं तुमच्या-आमच्यासारखीच असतात. मोजणीत शंका आली की फोटो विचारला जातो, आणि तेव्हा सुंदर फोटोपेक्षा खरा फोटो कामाचा ठरतो: ज्यात वारकऱ्याचं गंध जळालेलं नाही आणि शेकाट्याच्या पाठीवरची कड बुडालेली नाही. जवळच्या तळ्यावर गणना कोण करतं ते आतापासून विचारून ठेवा. थर्मासमध्ये चहा, तांदळाची पिशवी, जाड स्वेटर, आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दक्षिण काठ. आमच्याकडे जानेवारीत सूर्य साडेसातच्या जरा आधी उगवतो, तेव्हा पहाटे चारला उठायचीही गरज नाही. ज्यांना आमच्याबरोबर वढवाण्याला यायचं असेल त्यांनी मंडळात नाव द्यावं. भाचा यंदा मोजणीला बसणार आहे; मॅन्युअलचं काय अडलं तर त्यालाच विचारा.